घराबाहेर गेलेल्या अन्नाचा हिशेब

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी औरंगाबाद शहरातून येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. अनेक दशके शहराचा कचरा त्यांच्या शिवारालगत ओतला जात होता. विहिरींचे पाणी बिघडले होते. माश्या, दुर्गंधी आणि जळत्या ढिगाऱ्यांचा धूर हा रोजचा भोग झाला होता. यापुढे एकही गाडी येथे रिकामी होणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते निर्धाराने तसेच वागले. शहरात तेव्हा रोज चारशे टनांहून अधिक कचरा निघत होता. तो चौकाचौकांत साचू लागला. महापालिका नवी जागा शोधत फिरली, पण प्रत्येक ठिकाणच्या रहिवाशांनी विरोध केला. ७ मार्च रोजी मिटमिटा येथे दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेले आणि नारेगावला कचरा टाकण्यास मनाई झाली. ‘कचराकोंडी’ हा शब्द त्या काळात घरोघरी पोहोचला. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे प्रकल्प हाती घेण्यात आले.

फुलंब्रीच्या व्यापारी कुटुंबांना हा इतिहास परका नाही. मालासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी छत्रपती संभाजीनगरला जावे लागतेच, आणि फुलंब्रीहून शहरात शिरताना वाटेत हर्सूलच लागते. त्या वर्षी ज्याचा संताप आला, तो ढीग काही एका दिवसात उभा राहिला नव्हता. लाखो स्वयंपाकघरांतून रोज निघालेली किलो-अर्धा किलोची पिशवी तेथे जमत गेली होती. फुलंब्रीही आता नगरपंचायतीचे गाव आहे. वस्ती वाढते आहे, पुडीची जागा पाकिटांनी घेतली आहे, परसातला उकिरडा नाहीसा झाला आहे. मात्र गावाच्या चारी बाजूंना शेत आहे, दारात गाय येते, घर आणि दुकान एकमेकांना लागून आहेत. शहराला जे करणे आज जड जाते, ते येथे अजून सहज शक्य आहे.

जैन स्वयंपाकघरात काय आत यावे याचा विचार फार बारकाईने झाला आहे. भक्ष्य-अभक्ष्य, गाळलेले पाणी, पिठाची कालमर्यादा, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, तिथींचे नियम हे सारे आत येणाऱ्या वस्तूंविषयी आहे. घरातून बाहेर काय जाते आणि ते कोठे जाऊन पडते, याचाही तितकाच बारीक विचार आता व्हायला हवा. त्यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधण्याची आवश्यकता नाही. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. प्रयोजनाशिवाय होणारी हिंसा म्हणजे अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त त्याचा एक प्रकार ‘प्रमादचर्या’ असा दिला आहे. विनाकारण भूमी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती यांची हानी करणे हा त्याचा आशय. स्वयंपाकात पाणी, अग्नी आणि वनस्पती यांचा आरंभ होतोच. भूक हे त्याचे प्रयोजन. शिजवलेले अन्न फेकले गेले की आरंभ तेवढाच राहतो आणि प्रयोजन नाहीसे होते.

दुसरा आधार ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या नवव्या अध्यायातील पाच समितींचा. त्यांतील शेवटची उत्सर्ग समिती. टाकायची वस्तू जीवजंतूंना बाधा होणार नाही अशा जागी, पाहून, जपून टाकावी, असा तिचा भाव आहे. हा नियम साधू-साध्वींसाठी आहे, हे खरे. पण टाकणे हीसुद्धा एक क्रिया आहे आणि तिचे दायित्व टाकणाऱ्याकडे राहते, एवढा बोध गृहस्थाने घ्यायला हरकत नाही.

पावणेतीन क्विंटलची घट

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साधारण ६० टक्के घराघरांतून गेले. भारतातील घरांसाठी या अहवालाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो इतका आहे. यात साली, टरफले, देठ असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे.

हा आकडा व्यापाऱ्याच्या भाषेत मांडून पाहू. पाच माणसांच्या घरात वर्षाला २७५ किलो, म्हणजे पावणेतीन क्विंटल. रोजचे साडेसातशे ग्रॅम. मोंढ्यातून आलेल्या मालात पावणेतीन क्विंटलची घट निघाली तर कोणताही दुकानदार स्वस्थ बसणार नाही. वजनकाटा तपासेल, पोती मोजेल, वाहतूकदाराला जाब विचारेल. घरातील घटीची मात्र कोठेच नोंद होत नाही, म्हणून ती दिसत नाही.

या घटीत पैशांबरोबर पाणीही जाते. एक किलो गहू पिकवण्यासाठी जागतिक सरासरीने सुमारे १८०० लिटर पाणी लागते. टँकरची वाट पाहणारे उन्हाळे मराठवाड्याने किती पाहिले, हे येथील वाचकाला सांगायला नको.

शिळे न खाणाऱ्या घराचे मोजमाप

अन्न वाया जाऊ नये म्हणून नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे उरलेले दुसऱ्या दिवशी वापरा. फोडणीची पोळी, फोडणीचा भात ही महाराष्ट्रातील घराघरांची युक्ती आहे. ज्या जैन घरांत वासी अन्न वर्ज्य आहे, तेथे हा सल्ला उपयोगी पडत नाही. शीतकपाटात ठेवून प्रश्न उद्यावर ढकलण्याची सोय त्या घराला नाही. म्हणून तेथे शिजवण्याआधीच्या मापाला फार महत्त्व येते.

जुन्या गृहिणींचे माप हातात असे. चिपटे, मापटे आणि मूठ यांवर त्यांचा स्वयंपाक चाले, आणि तो सहसा कमी-जास्त होत नसे. आज तेच काम वाटी करू शकते. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. एक किलो कणकेचे पातळ फुलके चाळीसच्या आसपास होतात. आपल्या घराचे असे चार-पाच आकडे एकदा मोजून स्वयंपाकघरातील पाटीवर लिहून ठेवावेत.

त्याच पाटीवर आणखी एक नोंद हवी: आज जेवणारे किती? व्यापारी घरात ही संख्या रोज बदलते. कोणी खरेदीला शहरात जातो, कोणाचा डबा दुकानावर जातो, आडतीवर गर्दी असली की जेवणाची वेळ टळते. चातुर्मासात तर कोणाचे एकासणे, कोणाचे आयंबिल, कोणाचा उपवास. सकाळी आठपूर्वी प्रत्येकाने आपल्या नावापुढे खूण केली, तर अर्धी घट तेथेच थांबते. ही जबाबदारी घरातील पुरुषांनी आणि मुलांनीही घ्यायची आहे. जेवायला येणार नसल्याचा निरोप वेळेवर न देणे आणि मग उरलेल्या अन्नाचा दोष स्वयंपाक करणारीवर टाकणे, हे न्यायाचे नाही.

तरीही काही उरतेच. ज्यांच्याकडे चौविहार पाळला जातो, त्यांनी सूर्यास्ताच्या तासभर आधी उरलेल्या अन्नाकडे एकदा पाहावे. उरलेले फुलके त्याच दिवशी मंद आचेवर दाबून कडक, पूर्ण कोरडे भाजले की खाकरा होतो. गुजराती जैन घरांनी ही कला पूर्णत्वाला नेली आहे. वरण-भात-भाजी ताजी असतानाच गरजूला द्यावी. देण्याजोगे अन्न म्हणजे आपण स्वतः त्या क्षणी खाऊ असे अन्न. उतरलेले, वास येऊ लागलेले अन्न दुसऱ्याच्या हाती ठेवणे हे दान नव्हे.

ताटात उष्टे न ठेवणे आणि ताट धुवून ते पाणी पिणे ही प्रथा अनेक घरांत ज्येष्ठांपुरती उरली आहे. मुलांना ती सक्तीने शिकवण्याऐवजी प्रथम थोडे वाढून घेण्याची सवय लावावी. थोडे घेणाऱ्याला ताट स्वच्छ करणे जड जात नाही.

साठवणीतील दक्षता

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची रीत आहे. भाव बरा मिळतो, माल निवडून घेता येतो. पण साठवण चुकली की पावसाळ्यात किडे होतात. धान्य जाते आणि जीवहिंसाही घडते. म्हणून धान्य भरण्यापूर्वी कडक उन्हात वाळवणे, पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरणे, गव्हा-तांदळाला एरंडेल चोळणे, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, या जुन्या गोष्टी नेमाने कराव्यात. कोठीचे झाकण घट्ट असावे आणि ती भिंतीच्या ओलीपासून दूर, पाटावर ठेवावी. आधी आलेले आधी संपवावे. दुकानात जो नियम तोच कोठीघरात.

दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मानतात. संप्रदाय आणि घराणे यांनुसार नियमांत फरक आहे, पण यातील व्यवहार सर्वांच्या उपयोगाचा आहे: दमट हवेत थोडे दळावे, कोरड्या हवेत थोडे अधिक. मसाले, पापड, शेवया, मुगवड्या यांनाही तोच न्याय लावावा. एकावर एक मोफत म्हणून आणलेले पाकीट मुदत संपून टाकावे लागले, तर ते स्वस्त पडले असे म्हणता येत नाही.

साल कोठे जाते?

माप कितीही नेमके ठेवले, तरी साली, देठ, टरफले निघणारच. फुलंब्रीसारख्या गावात त्यांचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला उपयोग म्हणजे जनावर. दुधीची आणि भोपळ्याची साल, कोबीची बाहेरची पाने, मटाराच्या शेंगा, कलिंगडाची साल, गव्हाचा कोंडा, डाळीची चुणी हे सारे गाई-शेळ्यांचे खाद्य आहे. ते ताजे असताना, उघड्या टोपलीतून द्यावे.

येथेच आपल्या हातून मोठी हिंसा नकळत घडते. साली प्लास्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून रस्त्याच्या कडेला ठेवल्या की वासाने गाय येते. तिला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक तिला पचत नाही. पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात ते साठत जाते, अन्नाला जागा उरत नाही, आणि पोट फुगलेले दिसत असताना गाय उपाशी मरते. भटक्या जनावरांच्या शस्त्रक्रियेत पोटातून कित्येक किलो प्लास्टिक निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो. गोरक्षण आणि पांजरपोळ यांना आपला समाज मोठ्या श्रद्धेने देणगी देतो. त्या देणगीइतकेच मोल या एका गाठीचे आहे. ती आपण मारायची नाही.

दुसरी सावधगिरी समारंभानंतरची. उरलेला भात, पुऱ्या, मिठाई एकाच वेळी मोठ्या प्रमाणात गाईंपुढे ओतणे हे पुण्यकर्म वाटते; प्रत्यक्षात ते जीवघेणे ठरू शकते. रवंथ करणाऱ्या जनावराने शिजलेले धान्य, पीठ आणि गोड पदार्थ एकदम खाल्ले की त्याच्या पोटात आम्लता झपाट्याने वाढते आणि वेळीच उपचार न झाल्यास ते दगावते. पशुवैद्यकांना हा प्रकार लग्नसराईत चांगला परिचित आहे.

खत करावे की नाही?

घरच्या घरी खत करण्याविषयी जैन कुटुंबांत खरा संकोच आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुजण्याच्या क्रियेत असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. गांडूळखतात तर जीव आणून ठेवावे लागतात. जे व्रती आहेत त्यांनी याविषयी आपल्या गुरुजनांना विचारूनच निर्णय घ्यावा.

मात्र निर्णय घेताना हिशेब पूर्ण मांडायला हवा. आपण खत केले नाही म्हणून साल कुजायची थांबत नाही. ती पिशवीत बंद होऊन ढिगाऱ्यात जाते, हवेशिवाय सडते, मिथेन वायू सोडते आणि ढिगाऱ्याच्या आगींना खाद्य पुरवते. शंभर वर्षांच्या काळात मिथेनची उष्णता वाढवण्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साईडच्या अठ्ठावीस पट मानली जाते. नारेगावच्या ग्रामस्थांनी सोसले ते याच सडण्याचे परिणाम. डोळ्यांआड घडणारी हिंसा हिशेबाआड होत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवता येईल. पहिले, कमी निर्माण करावे. दुसरे, ताजे असताना जनावराला द्यावे. तिसरे, जे जनावर खात नाही ते, म्हणजे वापरलेली चहापत्ती, लिंबाच्या साली, निर्माल्य, पसरट टोपलीत उन्हात वाळवावे. मराठवाड्याच्या उन्हात पावसाळ्याबाहेरचे आठ महिने ते दोन-तीन दिवसांत कोरडे होते, वजन घटते, दुर्गंधी आणि अळी होत नाही. वाळलेला चुरा झाडांच्या मुळाशी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या उकिरड्यावर द्यावा. मका, कापूस आणि अद्रक पिकवणाऱ्या या तालुक्यात सेंद्रिय खताला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ज्या घरांना खत करण्याची अडचण वाटत नाही, त्यांनी छिद्रे असलेल्या माठात ओल्या थरावर लगेच वाळलेल्या पाल्याचा जाड थर द्यावा. ओल जास्त राहिली की अळ्या होतात.

आणखी एक वाट पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने दाखवली. डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे स्वयंपाकघरातील उरल्यासुरल्या अन्नावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र विकसित झाले आणि २००६ मध्ये त्याला ब्रिटनचा ‘ॲशडेन’ पुरस्कार मिळाला. मोठ्या एकत्र कुटुंबाला, भोजनशाळेला किंवा वसतिगृहाला ते विचारात घेण्याजोगे आहे.

यांतील काहीच शक्य नसेल, तर निदान ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत द्यावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी घराघरावर टाकली. एकदा दोन्ही मिसळले की ओल्याचे खत होत नाही आणि सुक्याला भंगारात भाव येत नाही. लहान गावांना हे जमते, याचे दाखले महाराष्ट्रात आहेत. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरणाची सवय लावली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि कचरा टाकण्याच्या जागेचे रूप पालटून दाखवले. आपल्याच जिल्ह्यात वाळूजजवळच्या पाटोदा गावाने ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची शिस्त पूर्वीच अंगवळणी पाडली आहे.

गल्ल्यामागून स्वयंपाकघराकडे

आपल्यापैकी अनेक जण स्वतः किराणा, धान्य आणि तेलाचे व्यापारी आहेत. म्हणून आपल्या स्वयंपाकघराची सुधारणा दुकानातूनही सुरू होऊ शकते. एके काळी गिऱ्हाईक तेलाची बरणी आणि तुपाचा डबा घरून आणत असे. दुकानदार रिकाम्या भांड्याचा धडा करून माल तोलून देई. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तर धडा करायला एक कळ दाबणे पुरते. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. ‘डबा घेऊन या’ अशी एक पाटी दुकानात लावली आणि डबा आणणाऱ्याला एखादा रुपया सोडला, तर पिशवीचा खर्चही वाचतो.

तळणाच्या तेलाचेही तेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे ते तेल खाण्यास अयोग्य. घरात हे मोजता येत नाही. म्हणून कढईत तेल थोडेच घ्यावे, काळपट आणि दाट झालेले तेल पुन्हा वापरू नये, आणि मोरीत ओतून नळ्या तुंबवू नयेत.

पंगत आणि प्रतिष्ठा

घरात वाटीने मोजणारे कुटुंब मंगल कार्यालयात मात्र मोजणे सोडून देते. पदार्थांची संख्या ही यजमानाची प्रतिष्ठा झाली आहे. ज्याच्या ताटात तीसांतील प्रत्येक पदार्थाचा एक घास पडतो, त्याच्याकडून उष्टे राहणे अटळ आहे. भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाहांच्या चळवळीतून साधेपणाचा मार्ग समाजापुढे पूर्वीच ठेवला आहे. गावच्या संघाने बसून एवढेच ठरवावे: पदार्थांची कमाल संख्या, ताटे लहान, पत्रिकेसोबत उपस्थितीची विचारणा, आणि उरलेले अन्न ताजे असतानाच कोठे जाणार याची आधीच व्यवस्था. ठराव संघाचा असला की कोणा एका यजमानाला कमीपणा येत नाही. स्वामीवात्सल्यात उष्टे न टाकण्याची शिस्त आपण पाळतोच. तीच लग्नात न्यायची आहे.

एका महिन्याचा रोजमेळ

या साऱ्याचा प्रारंभ एका वहीने करावा. स्वयंपाकघरात लहान वजनकाटा ठेवून महिनाभर रोज तीन रकाने लिहावेत: शिजवलेले उरले किती, न शिजवलेले खराब झाले किती, साली-देठ निघाले किती. पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये, केवळ लिहावे. दुसऱ्या आठवड्यापासून पाटीवर जेवणाऱ्यांची संख्या आणि वाटीचे माप सुरू करावे. महिनाअखेर बेरीज घेऊन त्याची किंमत काढावी. लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे द्यावे. व्यापारी घरातील मुलाला हिशेबाचा पहिला धडा याहून चांगला मिळणार नाही.

वाचलेली रक्कम जीवदयेसाठी वेगळी काढता येईल. पण तिसऱ्या रकान्यातील साली ताज्या, उघड्या टोपलीतून गाईपर्यंत पोहोचल्या आणि पहिले दोन रकाने शून्याकडे सरकू लागले, तर जीवदया त्या वहीतच घडलेली असेल.